डावीकडे मोकळं आहे

६ मार्च

जावईबापू,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. लिहायला गेलो, पण हातच नाही म्हणाला.

फोन करणार होतो. पण फोनवर तुम्ही ‘हो बाबा, बरोबर आहे बाबा’ म्हणता आणि हळूच बेबीच्या हातात देता. मुलीवर ओरडायला मला जमत नाही, हे तुम्हाला दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. म्हणून पत्र. पत्राला मध्येच ‘हो बाबा’ म्हणता येत नाही.

तुम्ही दिलेल्या शेऱ्याची प्रत परवाना विभागाकडून आज घरी आली. ‘वाहन चालवू नये, चालवण्यास शिकवू नये.’ खाली सही आमच्या जावयाची. ड्रायव्हिंग स्कूल माझं, पाटी माझी, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून बसून माझ्या बुडाचा खळगा पडलेला, आणि मला घरी बसवलं कोणी, तर ज्याला गाडी मी शिकवली त्याने. रिव्हर्स घेताना तुम्ही आमचं कुंपण पाडलं होतंत. तेव्हा मी कुठे लिहून दिलं होतं का, की या माणसाला मुलगी देऊ नये?

आणि झालं होतं काय मला? एका सकाळी डोकं दुखलं, जीभ थोडी जड झाली, संध्याकाळी सगळं जागच्या जागी. डॉक्टर त्याला मेंदूचा छोटा झटका म्हणतात. मी त्याला पित्त म्हणतो. त्यांनी सांगितलं म्हणून डोळे दाखवायला तुमच्या दवाखान्यात आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तक्त्यावरची शेवटची ओळ मी वाचली. तिच्या खाली छापखान्याचं नाव होतं, कोणी सांगितलेलं नसताना तेही वाचलं. तरी तुमचं समाधान नाही. मग त्या पांढऱ्या घमेल्यात तोंड घालून बसवलंत. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, बाजूला दिवा चमकला की बटण दाबायचं. बाजूला बघायचं नाही आणि बाजूचं सांगायचं, हा कुठला न्याय? शेवटी तुम्ही हळू आवाजात म्हणालात, “बाबा, डावीकडचं जवळजवळ अर्धं तुम्हाला दिसत नाहीये. दोन्ही डोळ्यांनी.” मी म्हटलं, दिसत नसतं तर तिथे काळं दिसलं असतं. त्यावर तुमचं उत्तर तयार. काळं दिसत नाही म्हणे, मेंदू आजूबाजूचं घेऊन तिथे ठिगळ लावतो. भिंत असेल तर भिंतीचं, रस्ता असेल तर रस्त्याचं. म्हणजे माझा मेंदू खोटारडा आणि तुमचं घमेलं हरिश्चंद्र.

आणि तो बोळ. मंद दिवे, जमिनीवर खोकी, छताला स्पंज टांगलेले, आणि त्यातून मी चालायचं. छताला स्पंज कोणाच्या घरात टांगतात, मला एक घर दाखवा. दोन-तीन खांद्याला लागले म्हणे. लागले नाहीत, घासले. ट्रेमधली पिवळी चावी मला सापडली नाही, कारण ती तुम्ही मुद्दाम डावीकडे ठेवली होती.

डॉक्टर तरी आहात का तुम्ही? ‘रोजच्या वागण्यात माणसाला किती दिसतं ते बघतो,’ हा काय धंदा झाला? ते काम आमची ही घरात फुकट करते. तुमच्या सासूबाई म्हणताहेत, “जावई म्हणतोय तर काहीतरी असेल.” जावई दहावा ग्रह असतो म्हणतात, तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलाय.

शेरा मागे घ्या. नाहीतर या घराची पायरी चढू नका. बेबीने चढावी, तिचं माहेर आहे.

तुमच्या बायकोचा बाप

१९ मार्च

जावईबापू,

तुमचं उत्तर मिळालं. अक्षर चांगलं आहे, एवढंच चांगलं आहे.

बाकीच्या चार ओळी आदराच्या सोडल्या तर मुद्दा एवढाच, की यंत्रावर जे निघतं आणि माणूस प्रत्यक्षात कसा निभावतो यात फरक पडू शकतो. नजरेचा सारखाच भाग गेलेली दोन माणसं असली, तर एक दारातून बाहेर पडताना चौकटीला धडकतो आणि दुसरा मान फिरवून फिरवून सगळं टिपून घेतो. म्हणून रस्त्यावर गाडी चालवायला लावून बघू, परवाना विभागाच्या बाई शेजारी, तुम्ही मागे. हे आधी नाही सुचलं? आधी माणसाला फाशी द्यायची आणि मग त्याला विचारायचं, तुला काही सांगायचंय का?

मी तयार आहे. पण रस्ता माझा. स्कूलची रोजची फेरी आहे, तीच.

तुम्ही लिहिलंय, तपासणी नेहमी अनोळखी रस्त्यावर घेतात, कारण ओळखीच्या रस्त्यावर माणूस डोळ्यांनी कमी आणि आठवणीने जास्त चालवतो. असेल. ते बाकीच्यांसाठी. मला पोहता येतं का ते बघायला तुम्ही मला अनोळखी नदीत ढकलणार, आणि मी बुडालो की सगळ्यांना सांगणार, बघा, म्हटलं नव्हतं? मी काय दुधखुळा आहे?

बेबीला मी काल फोनवर स्पष्ट सांगितलंय. म्हाताऱ्या बापाला आडरस्त्याला नेऊन त्याची फजिती करायची असेल, तर आजपासून बाप मेला असं धरून चाल. ती रडली. रडू दे. नवऱ्याला समजावेल तरी.

पत्राला डावीकडे समास जरा जास्तच सुटलाय. ही म्हणते अर्ध्या पानावर लिहिलंय. कागद आमचा आहे, आम्ही कुठूनही सुरुवात करू.

तुमचा सासरा

२ एप्रिल

जावईबापू,

तोंड गोड करा. कडू झालं असेल तर दोनदा करा.

मागच्या सीटवर तुम्ही साक्षीला होतात, तरी लिहितो, कारण लिहिताना मजा येतेय. माझ्याच फेरीच्या रस्त्याला गाडी काढली तेव्हापासून परत लावेपर्यंत त्या बाईंना तोंड उघडायला जागा दिली नाही. शाळेपाशी मान डावीकडे, वखारीपाशी डावीकडे, देवळाच्या बोळापाशी पुन्हा डावीकडे. कुठून काय बाहेर येतं ते मला झोपेतून उठवून विचारा. त्यांनी शेरा दिला, ‘चालवणे सुरक्षित, निरीक्षण उत्तम.’ उत्तम, जावईबापू. तुमचं घमेलं तोंडावर पडलं.

उतरताना एकच विचारलंत, “पाण्याच्या टाकीजवळ डाव्या फूटपाथवर एक माणूस टेबल मांडून बसला होता, तो काय विकत होता?” मी म्हटलं, तिथे कोणी बसत नाही. तुम्ही म्हणालात, “आजपासून बसतो.” मी म्हटलं, मग त्याला मी उद्यापासून बघेन. बाई हसल्या. तुम्ही नाही हसलात. खिलाडूपणा म्हणून काही असतो की नाही?

तर स्कूल पुन्हा सुरू. पहिल्याच आठवड्यात एक ग्रंथपाल बाई आल्यात, शाळेच्या लायब्ररीत असतात, चाळिशी उलटलेली. गाडी शिकायची हौस उशिरा आली, पण शिष्या अशी मला जन्मात मिळाली नव्हती. मी पहिल्या दिवशी सगळ्यांनाच सांगतो, गाडीत डोळे चार, पण शब्द एक, माझा. मी ‘मोकळं आहे’ म्हटलं की निघायचं, ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही. बाकीचे मान डोलावतात आणि मग हवं ते करतात. ही बाई अक्षरशः तसं वागते. तुम्ही हिच्याकडून शिका काहीतरी.

सासूबाई तुमच्या ठीक आहेत. जेवताना माझं ताट मध्येच गर्रकन फिरवायची नवी खोड लागली आहे त्यांना. मी म्हणे अर्धी भाजी तशीच ठेवून उठतो. म्हातारपणी बायका काहीतरी काढत बसतात. परवा माझ्या गाडीत बसायलाही नको म्हणाली, पाय दुखतात म्हणे. गाडीत बसायला पाय कशाला लागतात, हे तुम्हाला कळलं तर मला कळवा.

जिंकलेला सासरा

२१ एप्रिल

जावईबापू,

बेबीने तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. आता खरं काय ते ऐका.

नळाच्या कामासाठी आमचा नेहमीचा रस्ता खणलाय. म्हणून ग्रंथपाल बाईंना गोदामांच्या मागच्या रस्त्याने नेलं. तो रस्ता मी कधी शिकवायला वापरला नव्हता, पण रस्ता तो रस्ता. एका कोपऱ्यावर बाई थांबल्या. बरोबर थांबल्या. मी बघितलं आणि म्हटलं, “डावीकडे मोकळं आहे, चला.” बाई हलेनात. मागून हॉर्न वाजायला लागले. मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात म्हटलं, “मोकळं आहे म्हणतोय ना.” मग त्या निघाल्या आणि डावीकडून सायकलवर एक रंगारी, खांद्यावर शिडी घेऊन, सरळ आमच्या पुढ्यात. तो कुठून टपकला देव जाणे. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

मांडीचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं. जिवाला धोका नाही. शिडीवर मात्र लवकर चढता येणार नाही म्हणतात.

स्टिअरिंग बाईंच्या हातात होतं. पाय त्यांचा होता. पोलिसांना मी तेच सांगितलं आणि बाईंनीही मान खाली घालून तेच सांगितलं, “माझी चूक झाली.” मला तरी संताप आवरला नाही. भर रस्त्यात, माणसं गोळा झालेली असताना मी त्यांना म्हणालो, “आधी डोळे तपासून घ्या आणि मग गाडीला हात लावा.” जास्त बोललो असेन. तुमच्या दारासमोर कोणी असं लोळलं असतं तर तुम्ही काय आरती ओवाळली असतीत?

आता कामाचं. पोलिस माझ्या डोळ्यांबद्दल विचारणार. परवाना विभागाच्या बाईंचा शेरा आहेच, पण तुमचा आधीचा शेराही फायलीत आहे. तेव्हा तुमच्या सहीचं एक पत्र द्या, की तुमच्यासमोर मी गाडी चालवली आणि पास झालो. खोटं काहीच नाही. जे तुमच्या देखत झालं तेवढंच लिहा. स्कूल राहायचं असेल तर मला ते पत्र पाहिजे, आणि लगेच पाहिजे.

सासरा

२९ एप्रिल

जावईबापू,

वा. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. आमच्याकडे जावयाने धाडलं.

मी मागितलं एक आणि तुम्ही केलंत भलतंच. परवाना विभागाला कळवलंत की रस्त्यावरची ती तपासणी चुकीची होती, ती धरू नये. आणि वर मला लिहिता, “चूक माझी आहे, बाबा. रस्ता तुम्हाला निवडू द्यायला नको होता. अनोळखी रस्ता हवा, हे मी रोज दुसऱ्यांना शिकवतो. पण तुमची भीती वाटली, आणि बेबीचं रडणं बघवेना. त्या माणसाचा पाय माझ्यामुळेही मोडला आहे.” दवाखान्यातून तुम्हाला जाब विचारलाय, हे बेबीने सांगितलं. नोकरीवर येईल म्हणते. कोणी सांगितलं होतं हुतात्मा व्हायला? मी मागितली होती का तुमची नोकरी?

मला तुमचा राग येतो. खूप येतो. तुम्ही त्या दिवशी भांडला असतात, माझं ऐकलं नसतंत, तर मी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या आणि गोष्ट तिथे संपली असती. पण तुम्ही ‘हो बाबा’ म्हणालात. जन्मभर तुम्ही मला ‘हो बाबा’ म्हणत आलात आणि आता लिहिता की चूक झाली.

ही पण तुमच्याच बाजूची. मी त्या ग्रंथपाल बाईंना नावं ठेवत होतो, तर म्हणाली, “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं तुम्हाला.” मी ओरडलो. तेव्हा ती ताट पुसता पुसता म्हणाली, “मी ताट फिरवते ते गंमत म्हणून नाही. तुम्ही डावीकडचं जेवतच नाही.” त्यानंतर आमचं बोलणं नाही.

तुम्ही सगळे मिळून मला काहीही ठरवा. मी तिथे होतो. मी डावीकडे बघितलं तेव्हा रस्ता रिकामा होता. अंधूक नाही, काळा नाही, स्वच्छ रिकामा होता. डांबर दिसत होतं, गोदामाची भिंत सरळ शेवटपर्यंत दिसत होती. कोणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन.

यापुढे पत्र पाठवू नका. मी उघडणार नाही.

५ मे

जावईबापू,

पाठवू नका म्हटल्यावर तुम्ही खरंच नाही पाठवलंत. एवढं ऐकायची काही गरज नव्हती.

राग गेला म्हणून लिहितोय असं समजू नका. दुसरं कोणी नाही म्हणून तुम्हाला लिहितोय.

काल दुपारी ग्रंथपाल बाई घरी आल्या. मला वाटलं, आता भांडतील, वकिलाचं नाव घेतील. मी तयारीत होतो. त्या चपला काढून दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सर, शुक्रवारी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागलाय. तुम्ही सांगितलं होतंत ना.” दवाखाना तुमचा. तुम्ही माझे कोण, हे त्यांना माहीत नाही.

मी म्हटलं, बरं केलंत. तर त्या म्हणाल्या, “तिथे नेमकं काय सांगू, ते तुम्हाला विचारायला आले. मला तो माणूस दिसला होता सर. शिडी, सायकल, सगळं दिसलं होतं. म्हणून तर मी आधी हलले नाही. पण तुम्ही दोनदा मोकळं आहे म्हणालात, तेव्हा मला वाटलं, मलाच नसलेलं दिसतंय. असा काही आजार असतो का सर?”

जावईबापू, ती बाई हे टोमणा म्हणून बोलत नव्हती. टोमणा असता तर मी तिला उभी कापली असती. ती खरोखर विचारत होती. रंगाऱ्याला बघायला रोज जाते म्हणाली. लायब्ररीत फळीवर पुस्तक दिसलं तरी आधी हात लावून बघते, खरंच आहे ना. रस्ता ओलांडायचा झाला तर शेजारच्या माणसाला विचारते, गाडी येतेय का, आणि तो नाही म्हणाला तरच पाय उचलते. तिचे डोळे ठणठणीत आहेत. ते मी बिघडवले. तुमच्या घमेल्यात तिने तोंड घातलं तर एकही दिवा चुकणार नाही, आणि तरी तिला ते खरं वाटणार नाही, कारण सर म्हणाले होते मोकळं आहे.

तिथेच, दारात, मला म्हणायला पाहिजे होतं की बाई, तुम्हाला दिसलं ते होतं. माझी जीभ उचलली नाही. पहिल्या दिवसासारखी जड झाली होती, पण झटका बिटका काही नव्हता. मी म्हटलं, “शुक्रवारी जा.” आणि दार लावलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

हिच्याशी बोललो. म्हणजे मीच बोललो आधी. आज सकाळी आम्ही पोलिसांकडे गेलो आणि मी जबाब बदलून आलो. बाई थांबल्या होत्या, मी त्यांना दोनदा ढकललं, त्यांना दिसत होतं आणि मला नाही, असं लिहून दिलं. जाताना ही माझ्या डाव्या बाजूने चालली. कोपऱ्यावर एका हातगाडीपासून मला ओढून बाजूला घेतलं. मी म्हटलं, कुठे आहे हातगाडी? ती म्हणाली, “हात लावा.” मी हात लावला. तिथे हातगाडी होती. लाकूड उन्हाने तापलं होतं. आणि तरी सांगतो, मान वळवेपर्यंत मला तिथे नुसता रस्ता दिसत होता.

तुमच्यावरचा राग मात्र तसाच आहे. त्या स्पंजांचाही आहे. आणि तुमच्या नोकरीचं काही बरंवाईट झालं तर माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून येऊ नका, मला ते सहन व्हायचं नाही. मी तुमच्या साहेबांना वेगळं लिहिलंय की रस्त्यासाठी मी मुलीशी नातं तोडायची धमकी दिली होती. बेबीला हे सांगा. मला सांगवत नाही.

आता शुक्रवारचं. बाई येतील. त्यांना घमेल्यात बसवू नका, बोळात चालवू नका. मीही येतोय. हिच्याबरोबर बसने येईन, न्यायला येऊ नका. तुमची गाडी काढा आणि तुम्ही चालवा. रस्ता तुमच्या मनाचा, मी आयुष्यात न पाहिलेला, जितका आडवळणाचा मिळेल तितका. मी शेजारी बसेन, शिकवायला बसतो तसा. बाईंना मागे बसवा, डाव्या खिडकीपाशी.

प्रत्येक कोपऱ्यावर मी सांगेन, डावीकडे मोकळं आहे की नाही. मला जसं दिसेल तसं सांगेन, मान मुद्दाम वळवणार नाही, लबाडी करणार नाही. मी मोकळं आहे म्हटलं तरी तुम्ही गाडी हलवू नका. या एका दिवशी मला ‘हो बाबा’ म्हणू नका. मागे वळा आणि माझ्यासमोर त्यांना विचारा, बाई, डावीकडे कोण आहे? त्या घाबरतील, माझ्याकडे बघतील. तुम्ही थांबून राहा. मागून कितीही हॉर्न वाजू देत, त्या सांगेपर्यंत थांबा, आणि त्या सांगतील त्याप्रमाणे गाडी चालवा.